सारखीच गाणी, निरनिराळी दुकानं

गाणी ऐकवणारी अ‍ॅप्स कोट्यवधी लोक दिवसभर वापरतात, मग ती बंद का पडतात?

२०२४ मध्ये एअरटेलने आपलं ‘विंक म्युझिक’ गुंडाळलं, तेव्हापासून हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला आहे. त्यामागचा तर्क सरळ आहे. माल नासत नाही, गोदामाचं भाडं नाही, ट्रक नाही, हमाल नाही. एकदा गाणं यंत्रावर चढवलं की ते एकाने ऐकलं काय आणि एक कोटीने ऐकलं काय! असल्या धंद्यात तोटा करायला तर वेगळी अक्कल लागावी.

या तर्कातच चूक आहे, पण ती लगेच दिसत नाही. आधी एक मराठी नाव आठवू.

१. ‘धिंगाणा’चं काय झालं?

२००७ मध्ये स्नेहल आणि स्वप्निल शिंदे या जुळ्या भावांनी हिंदुस्तानी गाणी इंटरनेटवर ऐकवणारी एक सेवा सुरू केली. नाव ठेवलं ‘धिंगाणा’. पुढे तिचं एक कार्यालय पुण्यात होतं, दुसरं कॅलिफोर्नियातल्या सनीवेलमध्ये. गाणं फोनमध्ये किंवा संगणकात उतरवून न घेता थेट इंटरनेटवरून वाहतं ऐकायचं, यालाच आपण आता स्ट्रीमिंग म्हणतो. ही सोय तेव्हा आपल्याकडे नवीच होती. श्रोते जमले, गुंतवणूकदार आले, अमेरिकी वृत्तपत्रांत कौतुक छापून आलं.

२०१४ च्या फेब्रुवारीत ‘धिंगाणा’ अचानक बंद झालं. श्रोते आटले नव्हते, यंत्रणाही बिघडली नव्हती. टी-सीरिजबरोबरचा गाण्यांचा करार संपला आणि टी-सीरिजने तो पुढे चालू ठेवला नाही. हिंदी चित्रपटगीतांचा एवढा मोठा साठा हातातून गेल्यावर उरलेल्या दुकानाला कोण विचारणार?

मार्चमध्ये ‘आरडियो’ या अमेरिकी सेवेने ‘धिंगाणा’ विकत घेतलं. आरडियो ही स्काइपच्या संस्थापकांनी काढलेली, दिसायला देखणी, जाणकारांची लाडकी सेवा. २०१५ च्या नोव्हेंबरात तिने दिवाळखोरी जाहीर केली आणि तिची मालमत्ता ‘पॅन्डोरा’ने साडेसात कोटी डॉलरला उचलली. पॅन्डोरा स्वतः २०१९ मध्ये ‘सिरियस एक्सएम’ या उपग्रह-रेडिओ कंपनीच्या पोटात गेलं. मात्स्यन्यायाचं उदाहरण शाळेत द्यायचं झालं तर हे द्यावं.

म्हणजे गोम श्रोत्यांच्या संख्येत नाही. ती हिशेबात आहे, आणि हिशेब समजायला आपण एका खानावळीत जाऊ.

२. खानावळीचा हिशेब

महिन्याला ठरावीक पैसे भरा आणि पोटभर जेवा, अशी एक खानावळ आहे. आपल्या ओळखीची खानावळवाली बाजारातून किलोच्या भावाने तांदूळ आणते, भाव पाहून भाजी बदलते, पन्नासाची शंभर गिऱ्हाइकं झाली की घाऊक दराने माल उचलते. गिऱ्हाईक वाढलं की ताटामागचा खर्च उतरतो. मोठं होण्याचा फायदा तो हाच.

आता या बाईंचा किराणावाला बदला. नवा किराणावाला म्हणतो, “किलोचा भाव नको. तुमच्या गल्ल्यात रुपया पडला की त्यातले सत्तर पैसे माझे.” बाईंनी शंभरांची हजार गिऱ्हाइकं केली तरी रुपयातले सत्तर पैसे गेलेच. लाख केली तरी गेलेच. घाऊक खरेदीची सूट या व्यवहारात नाहीच.

स्ट्रीमिंगचा धंदा हा असा चालतो. स्पॉटिफायसारख्या सेवेच्या महसुलातला साधारण दोन तृतीयांश ते सत्तर टक्के भाग गाण्यांच्या मालकांकडे जातो. हे मालक म्हणजे ध्वनिमुद्रणाचे हक्क असलेल्या कंपन्या आणि शब्द-सुरांचे हक्क असलेले प्रकाशक. जगात युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या तिघी मोठ्या. आपल्याकडे टी-सीरिज, सारेगामा, टिप्स, झी ही मातब्बर घराणी.

आकड्यांत पाहू. समजा वर्गणी ११८ रुपये. त्यातले १८ रुपये जीएसटीचे, हातात राहिले १००. मालकांचे ७० दिले. यंत्रणा चालवणं, पैसे स्वीकारण्याचा बँकांचा आकार वगैरेंत आणखी ५ गेले. उरले २५. या पंचविसांत अभियंत्यांचे पगार, जाहिराती, कार्यालयं, वकील आणि नवी गिऱ्हाइकं ओढण्यासाठी दिलेले ‘तीन महिने फुकट’ हे सगळं बसवायचं. स्पॉटिफायचा हा उरलेला वाटा कित्येक वर्षं शंभरातल्या पंचविसाच्या आसपासच घुटमळत होता.

लोक इथे नेटफ्लिक्सचं उदाहरण देतात. तिथे मामला उलटा आहे. नेटफ्लिक्स स्वतः मालिका बनवतं. ती बनवायला लागले ते पैसे लागले, मग बघणारा एक असो की दहा कोटी. अकरावा कोटी आला तर त्याची वर्गणी जवळजवळ पूर्ण खिशात. गाण्याच्या दुकानात अकराव्या कोटीच्या वर्गणीतलेही सत्तर टक्के दारातूनच परत जातात. सुरुवातीच्या तर्कातली चूक ती ही: गाणं पोचवायला खर्च येत नाही हे खरं, पण गाणं पोचवण्याच्या परवानगीला येतो, आणि तो धंद्याबरोबर वाढत जातो.

वर आणखी एक अट असते, किमान हमीची. धंदा होवो न होवो, वर्षाला इतकी रक्कम द्यावीच लागेल, असं मोठे मालक लिहून घेतात. नवख्या सेवेचं कंबरडं बहुतेक वेळा इथेच मोडतं. स्पॉटिफायच्या बाबतीत तर बड्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी सुरुवातीलाच खानावळीत भागीदारीही मिळवली होती. २०१८ मध्ये तिचे शेअर बाजारात आले तेव्हा वॉर्नरने आपला सगळा वाटा विकून ५० कोटी डॉलरच्या वर रक्कम घरी नेली. किराणा विकूनही कमाई, खानावळीचा वाटा विकूनही कमाई.

३. एका गाण्यामागे किती पैसे?

हा प्रश्न गायक-वादक नेहमी विचारतात, आणि त्याचं खरं उत्तर ऐकून वैतागतात. ‘एका गाण्याला इतके पैसे’ असा दर मुळात ठरलेलाच नसतो. तो महिनाअखेरीस निघतो.

एका देशात फक्त दोनच वर्गणीदार आहेत असं समजा, आजी आणि नातू. दोघांनी शंभर-शंभर रुपये भरले. मालकांच्या वाट्याचे १४० रुपये एका मडक्यात पडले. आजीने महिनाभरात १० नाट्यपदं ऐकली. नातवाने ९९० वेळा गाणी लावली. अभ्यास करताना, जिममध्ये, झोपतानाही. एकूण १००० वेळा गाणी वाजली. १४० भागिले १००० म्हणजे एका वेळेला १४ पैसे. आजीच्या गायकांना मिळाले एक रुपया चाळीस पैसे, नातवाच्या गायकांना १३८ रुपये ६० पैसे.

आजीने भरलेल्या शंभरातले सत्तर रुपये मालकांच्या मडक्यात गेले होते. त्यातले ६८ रुपये ६० पैसे तिने कधी न ऐकलेल्या गायकांना पोचले.

यात लबाडी नाही, पद्धतच तशी आहे. सगळ्यांचे पैसे एकत्र, वाटणी ऐकण्याच्या संख्येनुसार. दुसरी पद्धत सुचवली जाते ती अशी की आजीचे सत्तर तिच्याच गायकांत वाटावेत. साउंडक्लाउडने २०२१ मध्ये काही कलाकारांसाठी तशी सोय सुरू केली. मोठ्या सेवांनी मात्र मूळ पद्धत सोडलेली नाही.

आपल्या विषयासाठी यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. गायक दुकानावर चिडतो, पण दुकानाच्या मडक्यातून जे निघतं ते आधी मालकाकडे जातं आणि मालकाने गायकाशी केलेल्या करारानुसार पुढे झिरपतं, किंवा झिरपतच नाही. मानधन एकरकमी घेऊन हक्क सोडलेल्या जुन्या कलाकारांची गाणी आज कितीही वाजली तरी त्या आकड्यांशी त्यांच्या घराचा संबंध नसतो.

४. समोरच्या लॉजमध्ये जेवण फुकट

खानावळवाल्या बाई म्हणतील, “सत्तर पैसे जाऊ देत, मी दर वाढवते.” का वाढवता येत नाही?

कारण चव तीच आहे. गल्लीतल्या पाचही खानावळींना तोच किराणावाला माल देतो, त्यामुळे पाचही ठिकाणी भाजी सारखी, आमटी सारखी. लताबाईंचं गाणं एका अ‍ॅपवर गोड आणि दुसऱ्यावर कमी गोड लागत नाही. साबण, चहा, वर्तमानपत्र, सगळ्यांत ‘आमचा वेगळा’ म्हणायला थोडी तरी जागा असते. इथे दहा कोटी गाण्यांची यादी प्रत्येकाकडे आहे आणि ती जवळपास एकच आहे. अमेरिकेत स्पॉटिफाय २०११ मध्ये आलं तेव्हा वर्गणी महिना ९.९९ डॉलर होती. २०२३ च्या जुलैपर्यंत ती तिथेच खिळून राहिली. बारा वर्षं! तेवढ्यात इतर सगळ्याचे भाव कुठल्या कुठे गेले.

आणि समोर लॉज आहे. लॉजवाल्याला जेवणात कमवायचंच नाही, त्याला खोल्या भरायच्या आहेत. जेवण तो आमिष म्हणून ठेवतो. अ‍ॅपलने २०१५ मध्ये संगीतसेवा काढली. अ‍ॅपलचा खरा धंदा फोनचा. अ‍ॅमेझॉनने प्राइमच्या वर्गणीत भारतात २०१८ पासून गाणी टाकली. खरा धंदा घरपोच मालाचा. विंक एअरटेलचं, आणि २०१८ मध्ये जियोने आपलं जियोम्युझिक ‘सावन’मध्ये मिसळून जियोसावन केलं, दोघांचा खरा धंदा सिमकार्डाचा आणि डेटाचा. यांच्यासाठी गाण्यातला तोटा म्हणजे जाहिरातीचा खर्च. ज्याचं पोटच खानावळीवर आहे त्याने यांच्याशी दरात झुंजायचं.

त्यातून लॉजवाल्याच्या मालकीचा रस्ताही असतो. आयफोनवरच्या अ‍ॅपमधून वर्गणी भरली तर अ‍ॅपल ३० टक्क्यांपर्यंत कमिशन घेत असे. म्हणजे बाईंच्या शंभरातले सत्तर किराणावाल्याचे, तीस रस्त्याच्या टोलाचे, आणि टोल घेणारा स्वतःच समोर जेवण वाढतोय. स्पॉटिफायने २०१९ मध्ये युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. मार्च २०२४ मध्ये आयोगाने अ‍ॅपलला १८० कोटी युरोंहून जास्त दंड ठोठावला. बाहेर स्वस्तात वर्गणी मिळते हे गिऱ्हाइकाला सांगायलाही अ‍ॅपल आडकाठी करत होतं, असं आयोगाचं म्हणणं होतं.

लॉजवाल्यांचाही हात कधी आखडतो. विंक बंद करताना एअरटेलने अ‍ॅपलशी करार केला आणि आपल्या गिऱ्हाइकांना अ‍ॅपल म्युझिक देऊ केलं. स्वतःचं स्वयंपाकघर बंद, डबा दुसऱ्या लॉजमधून.

५. मुंबईतले दोन खटले

किराणावाल्याच्या अटी मान्य नसतील तर कायदा काही मदत करतो का? हा प्रश्न २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दोन बाजूंनी आला.

आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये एक कलम घातलं गेलं, ३१-डी. त्याचा आशय असा: प्रसारण करणाऱ्या संस्थेला गाण्याच्या मालकाची संमती मिळाली नाही तरी, कायद्याने ठरवलेला दर भरून ती गाणं वाजवू शकते. रेडिओवाल्यांची अडवणूक होऊ नये हा त्यामागचा विचार. विंक आणि टिप्स यांचं दरावरून फाटलं, तेव्हा विंकने या कलमाचा आधार घेतला: आम्हीही प्रसारणच करतो, दर ठरवून द्या. २०१९ च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने ते नाकारलं. हे कलम रेडिओ आणि दूरचित्रवाणीपुरतं आहे, श्रोत्याला हवं ते गाणं मागवता येणाऱ्या इंटरनेट सेवेला ते लागू नाही, असा त्या निकालाचा अर्थ.

त्याच्या दोनच महिने आधी स्पॉटिफाय भारतात पाऊल टाकत होतं. वॉर्नरच्या प्रकाशन शाखेशी सौदा जमला नव्हता आणि स्पॉटिफायनेही ३१-डीचीच ढाल पुढे केली होती. वॉर्नरने न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने सेवा सुरू व्हायला बंदी केली नाही, पण काही रक्कम जमा करायला सांगितली. फेब्रुवारीअखेर सेवा सुरू झाली. पुढच्या वर्षी दोघांत तडजोड झाली.

कायदेपंडितांना यात पुष्कळ रस आहे, आपल्याला एकच मुद्दा पुरे. एफएम केंद्राच्या पाठीशी कायद्याचा दर आहे. अ‍ॅपला मालकाच्या दारात उभं राहून घासाघीसच करावी लागते, आणि मालकाला ‘नाही’ म्हणण्याची मुभा आहे. ‘धिंगाणा’ त्याच मुभेत संपलं.

६. अन्नछत्र

भारतातली गोष्ट इथून आणखी अवघड होते. इथे लॉजवाल्यांबरोबर गल्लीच्या तोंडाशी एक अन्नछत्रही आहे. यूट्यूब.

आणि त्या अन्नछत्रात वाढायला कोण उभं आहे? तोच किराणावाला. टी-सीरिजची यूट्यूब वाहिनी २०१९ मध्ये दहा कोटी सबस्क्रायबरांचा टप्पा ओलांडणारी जगातली पहिली वाहिनी ठरली. जो मालक अ‍ॅपशी रुपयाच्या वाट्यावरून भांडतो तोच ते गाणं चित्रासकट रस्त्यावर फुकट वाढतो, कारण जाहिरातीतला हिस्सा त्याला मिळतो आणि गाणं गाजलं की इतर सगळीकडे भाव चढतो. त्याच्या बाजूने यात विसंगती काहीच नाही. ज्या घरात सकाळी टीव्हीवर यूट्यूब लावून अभंग ऐकले जातात, त्या घराला महिना शंभर रुपये कशासाठी द्यायचे हे पटवणं मात्र कठीण.

वर्गणीचा दर पाहा. २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात महिना ११९ रुपयांत आलं. त्याच वर्षी यूट्यूब म्युझिकने ९९ रुपये लावले आणि अ‍ॅपलने १२० वरून ९९ वर उतरून बरोबरी साधली. अमेरिकेत तेव्हा दहा डॉलर, म्हणजे सुमारे सातशे रुपये. हे दर परवडण्याचे खरे, पण भरणारे मोजके. बाकी सगळे फुकटे, जाहिराती सोसून ऐकणारे, आणि आपल्याकडे जाहिरातीचा दर तो किती!

टाइम्स समूहाचं ‘गाना’ २०१० पासून होतं. २०१८ मध्ये चीनच्या टेन्सेन्टच्या पुढाकाराने त्यात साडेअकरा कोटी डॉलर गुंतले. २०२२ मध्ये ‘गाना’ने फुकटचा दरवाजा बंद करून सगळ्यांना वर्गणी लावली, श्रोते अन्नछत्राकडे वळले. २०२३ च्या अखेरीस समूहातल्याच रेडिओ मिरचीच्या कंपनीने हा व्यवसाय घेतला तो २५ लाख रुपयांत. व्यवहार घरातल्या घरातला, त्यामुळे या आकड्यावरून बाजारभाव काढू नये; तरी मुंबईत एवढ्यात एक बरी खोली येत नाही. पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०२४ मध्ये, टिकटॉकवाल्या बाइटडान्सचं ‘रेसो’ भारतातून गेलं. त्याच वर्षी विंक.

७. दौलतजादा

एक सेवा मात्र आधीपासून नफ्यात होती, आणि ती चीनमध्ये. टेन्सेन्ट म्युझिक. २०१८ मध्ये तिने न्यूयॉर्कच्या बाजारात शेअर आणले तेव्हा तिचा साधारण ७० टक्के महसूल गाणी ऐकवण्यातून नव्हता. तिच्या अ‍ॅपवर लोक स्वतः कॅराओके गात, थेट कार्यक्रम करत, आणि ऐकणारे खूश होऊन पडद्यावर फुलं, मोटारी, रॉकेटं उधळत. ही फुलं खऱ्या पैशांनी विकत घ्यायची. आपल्याकडे याला शब्द आहे, दौलतजादा. फडावर बोर्डाखालून नोट यायची, तिथे फोनवरून येते. त्यात किराणावाल्याचा सत्तर टक्के वाटा नाही.

चिनी सरकारने पुढे लगाम आवळले. २०२१ मध्ये गाण्यांचे एकाधिकार सोडायला लावले, थेट कार्यक्रमांवर निर्बंध आले. २०२३ पर्यंत त्या कंपनीतही वर्गणी आणि गाण्यांचा महसूल दौलतजाद्याच्या पुढे गेला होता.

८. सोळा वर्षांनंतर

डॅनियल एक आणि मार्टिन लोरेन्टझोन यांनी २००६ मध्ये स्टॉकहोममध्ये उभी केलेली स्पॉटिफाय २००८ पासून गाणी ऐकवते. तिने पहिल्यांदा पूर्ण वर्षाचा नफा दाखवला २०२४ मध्ये: सुमारे १५६७ कोटी युरो महसुलावर ११४ कोटी युरो. आदल्या वर्षी ५३ कोटींचा तोटा होता. खानावळीचं गणित तेच, मग हे झालं कसं?

थोडं दरवाढीने. बारा वर्षं न हललेला अमेरिकी दर २०२३ मध्ये एक डॉलरने आणि २०२४ मध्ये आणखी एकाने चढला. सगळ्यांनीच थोडंफार तसं केलं, आणि गिऱ्हाइकं पळाली नाहीत. थोडं माणसं कमी करून. २०२३ मध्ये तीनदा कपात झाली. डिसेंबरातल्या शेवटच्या फेरीत सतरा टक्के लोक, म्हणजे सुमारे दीड हजार, घरी गेले. पॉडकास्टवर २०१९ पासून उधळलेला पैसाही आवरला गेला. पॉडकास्टचा मूळ डाव मला आजही समजण्यासारखा वाटतो: बोलण्याच्या कार्यक्रमावर किराणावाल्याचा हक्क नाही, म्हणजे तो आपल्या परसातला भाजीपाला. फक्त बियाणं फार महाग घेतलं.

वर्षअखेरीस स्पॉटिफायकडे ६७.५ कोटी श्रोते होते, त्यांतले २६.३ कोटी वर्गणीदार. उरलेल्या चाळीस कोटींहून जास्त फुकट्यांच्या जाहिरातींतून एकूण महसुलाचा जेमतेम १२ टक्के भाग आला. धंदा चालतो तो वर्गणीवर, फुकटा म्हणजे उद्या वर्गणी भरेल या आशेवर वाढलेलं ताट.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो आणखी एक बदल, कारण तो थेट सत्तर पैशांना हात घालतो. २०२० पासून स्पॉटिफायने मालकांपुढे एक सौदा ठेवला: तुमचं अमुक गाणं आम्ही आपोआप लागणाऱ्या यादीत जास्त पुढे आणू, त्या वाजण्यावर तुम्ही हक्काचे पैसे कमी घ्या. खानावळीने ताटात कुठली भाजी आधी वाढायची याचा भाव लावला. श्रोता आता गाणं शोधत नाही, यादी लावून देतो आणि कामाला लागतो. त्यामुळे ‘पुढचं गाणं कुठलं’ हे ठरवण्याची चावी दुकानाच्या हाती आली आहे, आणि ज्याच्या हाती चावी त्याच्याशी किराणावाल्यालाही थोडं नमतं घ्यावं लागतं.

२०२४ पासून आणखी एक नियम आहे. बारा महिन्यांत जे गाणं हजार वेळाही वाजलं नाही, त्याच्या ध्वनिमुद्रणाला मडक्यातून काहीच मिळत नाही. तो वाटा जास्त वाजणाऱ्या गाण्यांत जातो. चिल्लर वाटण्याचा खर्च चिल्लरीपेक्षा जास्त होतो, असं त्याचं कारण दिलं गेलं. आजीच्या दहा नाट्यपदांतलं एखादं जर तिच्याखेरीज फारसं कुणी लावत नसेल, तर मघाच्या हिशेबात त्याच्या वाट्याला आलेले चौदा पैसेही आता नातवाच्या जिममधल्या गाण्याकडे गेले.